पास झालेलं वाक्य

समाधान चाकणच्या एका कंपनीत सात वर्षं बुश, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या लोखंडी कड्या, तपासत होता. पीस गेजच्या मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्टच्या लाल बिनमध्ये. नुसती शंका आली तरी लाल बिन. सात वर्षांत त्याच्या हातून एकही खोटा पीस बाहेर गेला नव्हता, आणि त्याचा माज एवढा, की बायकोची भाकरसुद्धा तो वितीनं मोजून खायचा.

सुपरवायझरची जागा निघाली. मुलाखत इंग्रजीत. गड्यानं तळवड्यात इंग्रजीचा क्लास लावला. वर्षाली मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत मनी मोजता येत नाही. कॅशही नाही."

समाधान भडकला. "एक तारखेला आमच्या खोलीवर या मॅडम. चार-चारदा मोजतो आम्ही."

"नोटा मोजा, रुपये मोजा. त्यांना मेनी. मनीला मात्र मच. मेनी मनी म्हणालात की गेलात!"

घरी बायकोनं, पिंकीनं, वेगळाच क्लास घेतला. "पगार पंचवीस हजार म्हणा. मंग ते घासत घासत बावीसवर येतील."

"पिंके, मला शिकवू नको."

मुलाखतीत कंपनीच्या शेखर सरांनी इंग्रजीत विचारलं, पगार किती हवा? आणि ह्या शहाण्याच्या डोक्यात गेज सुरू झालं. ट्वेंटी फाइव्ह थाउजंड, की थाउजंड्स? शंका. लाल बिन. मोअर सॅलरी, की बिग सॅलरी? लाल बिन. सर घड्याळ बघायला लागले. बिन भरून सांडलं. शेवटी एकच वाक्य गेजमधून सुळकन पार झालं.

"सर, आय डू नॉट नीड मच मनी."

"व्हेरी गुड इंग्लिश!" सर म्हणाले, आणि तसंच लिहून घेतलं.

समाधान सुपरवायझर झाला. पाचशे रुपये वाढले. सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो, म्हणून तीन हजार गेले. सगळ्या कंपनीत पेढे वाटून झाल्यावर हा हिशेब त्याच्या ध्यानात आला. मूर्खपणाला शिफ्ट नसते. तो चोवीस तास चालतो.

"पण बोललाव तरी काय?" पिंकीनं विचारलं.

त्यानं वाक्य म्हणून दाखवलं. मग खाली मान घालून मराठीत सांगितलं.

पिंकीनं तव्यावरची भाकर उलटली. "चूक न्हवती ना त्यात?"

"एकबी न्हाई," समाधानची छाती तेवढ्यातही फुगली.

तिनं भाकर त्याच्या ताटात टाकली. "मंग हीबी घ्या मोजून. आज एकच हाय."