आधी भिंत, मग कॉफी

"बाबा, काय म्हणायचं?"

"आधी भिंत, मग कॉफी."

"बस्स. दुसरं अवाक्षर नाही."

सकाळपासून मी बाबांना हेच पढवत होते. मुअतसिम नावाच्या मेल्या बिल्डरने आमची मागची भिंत अशी बांधली, की दुसऱ्याच हिवाळ्यात तिला हात जाईल एवढी भेग पडली. तिला लागूनच बाबांचा पलंग. मी तक्रार केली, तर तो मध्यस्थ घेऊन दारात. आमच्या साल्त गावात कोर्टाच्या आधी माणसंच घरी येतात.

बैठकीत मी कॉफी ओतली. कुणी कपाला हात लावला नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही. घरधनी 'प्या' म्हणाला, की शब्द दिला. मग कोर्टात जायला तोंड राहत नाही.

"हाजी," मध्यस्थ अबू दिरारकाका म्हणाले, "याचं म्हणणं, लेकीने तक्रार मागे घ्यावी. झालं गेलं विसरावं. तुम्ही काय म्हणता?"

आता बाबांनी अडून बसायचं आणि काकांनी मुअतसिमला भिंत नव्याने बांधून द्यायला राजी करायचं, अशी रीत.

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग भरलेल्या कपांकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, पाहुणे केव्हाचे बसलेत. प्या, प्या. गार होतेय."



काका चपापले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, काही सांगायचंय? अजून कुणी प्यायलं नाही."

एक वाक्य पुरे होतं. बाबांना हल्ली काही आठवत नाही, परवा मलाच विचारलं, 'तू कुणाची गं?' मी तेवढं बोलले असते, तर तो शब्द कुणी धरला नसता. पण घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. याच बैठकीत अख्खी गल्ली बाबांकडे न्याय मागायला यायची. आताही ते तसेच ताठ बसले होते, पाहुण्यांच्या पिण्याची वाट बघत.

"बाबा बोलले ना," मी म्हटलं. "प्या."

मुअतसिमने मान वर न करता कप रिकामा केला.

सगळे गेल्यावर बाबा खुशीत होते. "भली माणसं हो. कोण गं ही?"

"ओळखीतली."

मी आतल्या खोलीत गेले आणि त्यांचा पलंग भिंतीपासून ओढत दारापाशी आणला.

"इथं कशाला?"

"इथं वारा येतो, बाबा."