कानात सांगायचं नाव

“रंजनी, केवढा वेळ गे? पाळणा सजवून झाला. सीक्रम, लवकर ये. बायका धपाटे घालायला टपून बसल्यात, पाठ घट्ट करूनच ये.”

बाथरूमच्या दाराबाहेर अम्मा घाई करत होती. रंजनीच्या जिभेखाली थर्मामीटर होता, त्यामुळे तिला उत्तर देता येईना. तिने नळ सोडला आणि पारा दिव्यासमोर धरून वाचला. ताप होता. फार नव्हता. घसा मात्र सकाळपासून खवखवत होता. गोळी घेतली की ताप उतरेल, दाढेखाली लवंग धरली की खोकला दबेल. गिंडीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात ती नर्स होती. रजा वाचवायला कामगार हेच करत, आणि ती त्यांना रागावून घरी पाठवत असे.

तिने गोळी घेतली. लवंग दाढेखाली धरली.

आज भाचीचं बारसं होतं. मूल महिनाभर आधी जन्मलेलं, इस्पितळात राहून घरी आलेलं, म्हणून बारसं लांबलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव सांगून झालं की मागच्या बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात. नाव रंजनीने ठरवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. लग्न न झालेल्या बाईला घरच्या कार्यात पुढे बसायची वेळ सहसा येत नाही. हा एक मान मात्र जन्माने मिळालेला होता. तो कुणी काढून घेऊ शकत नव्हतं.

कुणी म्हणजे सावनी. भावजयीची, इराची, धाकटी बहीण. पुण्याची, इथे तमिळ मुलखात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. दर शनिवारी ती अण्णा नगरच्या या घरी येई आणि बाळ तिच्या खांद्यावर पडल्या पडल्या झोपे. रंजनीच्या हातात तेच बाळ ताठ होऊन रडे.

“अक्का, तुम्ही तिला इंजेक्शनसारखं धरता,” सावनी एकदा म्हणाली होती. सगळे हसले. प्राणेशही हसला, सख्खा भाऊ असून.

ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा, पाऊस सुरू झाला की कारखान्यातले निम्मे लोक खोकत येत. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देत नाहीत, ती भोवतालच्या माणसांनी घ्यायची. म्हणून रंजनीने घरातल्या चौघांपुरती लस बर्फाच्या डब्यातून आणली होती. अम्मा, प्राणेश आणि इरा यांना टोचून झालं, तेवढ्यात सावनी आली.

“तिला दे,” अम्मा म्हणाली. “बाळ तिच्याकडंच असतं. तू काय, रोज सुयांतच. उद्या घे.”

नाही म्हटलं असतं तर मनातलं दिसलं असतं. रंजनीने आपल्या वाटणीची लस सावनीला टोचली. सुई काढताना जरा जास्तच वेळ घेतला.

“दुखलं?”

“छे. तुमचा हात किती हलका आहे, अक्का.”

रंजनीला त्याचाही राग आला. तिची स्वतःची लस मग राहूनच गेली. दिवसभर दुसऱ्यांच्या दंडात सुई टोचणाऱ्या माणसाला आपल्यालाही दंड आहे हे आठवत नाही.

रंजनी बाहेर आली. हॉलमध्ये पाळण्याला मल्लीचे गजरे बांधले होते. सावनी दोरी धरून उभी होती.

“या आत्याबाई. नाव फार जुनं ठेवू नका हं. तुमच्या घरातलं हे पिढ्यान्पिढ्या इथे मुरलेलं मराठी ऐकलं की मला नाटकात बसल्यासारखं वाटतं.”

“तिकिटाशिवाय बसलीयेस, गप बघ,” अम्मा म्हणाली.

बायका हसल्या. रंजनी पाळण्यावर वाकली. बाळ जागं होतं. कानाची पाळी अजून पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी. तिने तोंड जवळ नेलं, आणि तिच्या श्वासाने बाळाच्या कानावरची लव हलली.

ती तशीच थांबली. लव पुन्हा हलली.

रंजनी सरळ झाली. पदर तोंडावर धरून दारापर्यंत मागे गेली.

“सावनी, नाव तू सांग.”

“मी?”

“मला ताप आहे. सकाळपासून.”

“एवढी वर्षं थांबलीस ह्याला,” अम्मा म्हणाली. “लांबून सांग.”

“कानात लांबून कसं सांगतात, अम्मा?”

इराने तोवर पाळणा स्वतःकडे ओढून घेतला होता.

“पण मला नाव कुठं माहीत आहे?” सावनी म्हणाली.

रंजनी गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. मग मोबाइलवरून सावनीला फोन केला.

“अक्का?”

“तुळसी.”

“नुसतं तुळसी?”

“नुसतं. हळू सांग. ओठ कानाला लावू नकोस.”

“छान आहे हो,” सावनी म्हणाली. तिने चेष्टा केली असती तर सोपं गेलं असतं.

सावनी फोन बंद करायला विसरली. पाळण्याच्या कडीची करकर ऐकू आली, मग बायकांचं लांबलचक कुर्रर्र. मग क्षणभर काहीच नाही. त्यानंतर धपाटे पडले, आणि सावनी हसत म्हणाली, “अहो हळू, पाठ मोडेल माझी.” बाळ रडलं नाही.

रंजनीने फोन कानाशी तसाच धरला. गॅलरीची भिंत पावसाने ओली झाली होती. तिने भिंतीला पाठ टेकवली.