शेजारची छटा

चारकोपच्या आपल्या गाळ्यात भाविका वायू मोजायच्या यंत्रातली लेसरची चिप हळूहळू तापवत होती. चिप तिळाहून लहान. तिच्यातून डोळ्याला न दिसणारा, पण नेमक्या एकाच छटेचा प्रकाश निघायला हवा, कारण अमोनिया वायू नेमकी ती छटा शोषतो. प्रकाश किती घटला यावरून हवेत वायू किती ते कळतं. चिप तापली आणि पडद्यावरची त्या छटेची उंच रेघ झपकन खाली बसली. शेजारी दुसरीच वर आली. या छटेला अमोनिया शिवतही नाही. म्हणजे खोलीभर वायू असला तरी यंत्र शून्यच दाखवणार.

भाविकाने तापवणं थांबवलं. असंच एक यंत्र तिने गेल्या आठवड्यात वेसाव्याच्या बर्फाच्या कारखान्यात चाचणीसाठी लावलं होतं, अमोनिया दाबून बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या कोंदट, तापलेल्या खोलीत. तिथे तिचा लहूमामा कामाला होता. करोनात त्याची वास घ्यायची शक्ती गेली ती परत आलीच नव्हती. म्हणून तर तिने हट्टाने तिथे लावलं.

तिने मामाला फोन लावला. उचलला सहदेवने, मामाच्या कामावरच्या जोडीदाराने.

"मामा कुठेय?"

"आत गेलाय, वॉल्व्ह बघायला. मला तर बाहेरच वास येतोय. पण तो म्हणतो, भाचीचं यंत्र शून्य दाखवतंय, उगाच घाबरू नको."

"यंत्र चुकतंय, सहदेवकाका. मास्क लावा आणि त्याला बाहेर काढा. आत्ता."

फोन तसाच चालू राहिला. दार घासल्याचा आवाज आला. सहदेवच्या हाका. मग खोकला, पण कोणाचा ते कळेना. भाविका फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिली.

"काढला," शेवटी सहदेव धापा टाकत म्हणाला. "श्वास चाललाय. डोळे उघडत नाहीयेत."

अंधेरीच्या हॉस्पिटलात मामाला ऑक्सिजन लावला होता. नजर वाचली, घसा बरा व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या.

"मना वाटला, तुजा यंत्र हाय..." मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी ते तापवून बघितलंच नव्हतं, मामा. लावायच्या आधी बघायला हवं होतं."

तो तिचं मनगट धरून पडून राहिला.

गळती बंद झाल्यावर ती कारखान्यात जाऊन यंत्र उतरवू लागली. चिप थंड ठेवायची सोय हवी, छटा बदलली की भोंगा वाजायला हवा, हे सगळं तिला आता कळत होतं. पण खोलीत वायू उरलेला नसूनही ती श्वास रोखूनच स्क्रू काढत होती.