पिवळ्या टेपचा एक सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, माप घेणारी. रंग पिवळा, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. माझी खरी लांबी किती, हा मात्र नाजूक विषय आहे. त्यापायी एका मुलीचे सगळे आयुष्य पणाला लागले होते.

कारखान्यातून निघाले ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गळ्यात पडले. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. "बाईंचं माप कधी चुकत नाही," असे गिऱ्हाईक म्हणे आणि मी कौतुकाने फुगत असे. फुगत कसली, लांबत होते. वीस वर्षे ओढून ओढून माझे कापड ताणले गेले होते. मला ते जाणवत होते, पण सांगणार कशी?

बाईंची मुलगी अंगाने काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून तिचे नाव पडले टाचणी. ती सायकलच्या शर्यतीत उतरू लागली. आठवडाभर सीट वरखाली करून पाहिल्यावर बाई म्हणाल्या, "हं, आता कशी बाही बसावी तशी बसलीस." मग त्यांनी मला पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत धरले. एकाहत्तर सेंटिमीटर. टाचणीने तो आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. खरे माप बहात्तर होते.

पुढे सायकली बदलल्या, पण माप घ्यायला मीच. त्यामुळे खोटा आकडा दर वेळी बरोबर जागी बसे. सहा वर्षांत टाचणीने इतकी बक्षिसे आणली की कपाटात कपड्यांना जागा उरली नाही.

मग एके दिवशी, आपले माप कागदावर लिहून पाठवलेले एक गिऱ्हाईक ढगळ कोट घेऊन भांडायला आले. बाईंनी नवी टेप आणून माझ्या शेजारी ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. दार लावून त्यांनी तशाच लिहून आलेल्या मापांचे चार कपडे उसवले आणि पुन्हा शिवले. कोणाला चकार शब्द सांगितला नाही. मला बटणांच्या खणात टाकले. तिथून टाचणीने मला उचलले, कारण तिला मोठ्या संघात वर्षभरासाठी घेतले होते आणि घरचे काहीतरी जवळ हवे होते. मी तिच्या टॉवेलची वळकटी बांधण्याच्या कामी लागले.

संघाच्या मेकॅनिकने विचारले, "सीट कितीवर?" टाचणी ऐटीत म्हणाली, "एकाहत्तर. आईचं माप आहे, काका." त्याने आपल्या पोलादी टेपने सीट एकाहत्तरावर बसवली, म्हणजे एक सेंटिमीटर खाली. तिला वेगळे वाटले. पण सायकल नवी, बूट नवे, संघ नवा. नव्याची नवलाई समजून ती गप्प बसली.

पहिल्या शर्यतीत नव्वदाव्या किलोमीटरला तिचा गुडघा बोलू लागला आणि तिला उतरावे लागले. दुसऱ्या शर्यतीतही तेच, तिथेच. डॉक्टरांना काही सापडेना. प्रशिक्षक मॅडमनी स्पष्ट सांगितले, "तिसरी पूर्ण झाली नाही, तर तुला घरी पाठवावं लागेल." वळकटीभोवती मी नुसती तडफडत होते.

तिसऱ्या शर्यतीच्या सकाळी आईचा फोन आला. टाचणी तो टेबलावर ठेवून बूट चढवत होती. पलीकडे शिलाई मशीन चालू होते.

"गुडघा कुठे दुखतो गं?"

"पुढून, वाटीखाली."

"सीट कितीवर आहे?"

"एकाहत्तरच. तुझ्या पिवळ्या टेपचं माप."

मशीन थांबले.

"टाचणे, ती टेप लांबली होती. मला कळलं होतं. गिऱ्हाईकं तुटतील म्हणून बोलले नाही. सीटचं तर डोक्यातच आलं नाही गं."

टाचणीने मला ओढून काढले आणि ती धावतच मेकॅनिककडे गेली. त्याने दोन टेपा शेजारी धरल्या. "एक सेंटिमीटर. तरीच!" पण शर्यतीच्या सकाळी सीटला हात लावायचा नाही, हा त्यांच्याकडचा पक्का नियम. मॅडम म्हणाल्या, "आज नको. अंगाला मानवलं नाही तर मांड्या धरतील."

"मानवलेलंच आहे, मॅडम. सहा वर्षं मी तिथेच बसलेय."

मॅडमनी घड्याळ पाहिले. "मग जबाबदारी तुझी."

सीट वर गेली. मेकॅनिकने मला खिशात कोंबले आणि आम्ही सायकलींच्या मागून संघाच्या गाडीत निघालो. कॅप्टनला वाऱ्यापासून आडोसा देत शेवटच्या चढापर्यंत न्यायचे, हे टाचणीचे काम. ऐंशी किलोमीटर झाले. पंच्याऐंशी झाले. खिशात मेकॅनिकची मूठ माझ्याभोवती आवळत गेली. नव्वदला मॅडमनी वायरलेसवर विचारले, "गुडघा?" पुन्हा विचारले. नुसती खरखर. एवढ्यात टाचणी मागे मागे येताना दिसली आणि मेकॅनिकने डोळे मिटले.

ती खिडकीशी आली. "कॅप्टनला पाणी हवंय. चार बाटल्या द्या." त्या पाठीशी खोचून ती पुन्हा पुढे निघून गेली.

त्या दिवशी कॅप्टन दुसरी आली आणि टाचणी एकेचाळिसावी. तिचा फोटो कोणी काढला नाही. मेकॅनिकने मात्र स्वतः बाईंना फोन लावला. "ताई, टेप खोटी होती, माप खरं होतं," एवढेच तो म्हणाला.

पुढे टाचणी अकरा वर्षे त्या संघात राहिली आणि अकराही वर्षे बहात्तरावर बसली. बाईंनी जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून खरे काय ते सांगितले. दोघे तुटले, बाकीचे टिकले. आता मी दुकानात खिळ्याला लटकते, खाली बाईंच्या अक्षरात पाटी आहे : 'हिने मोजू नये.' मला त्याचे वाईट वाटत नाही. दर महिन्याला त्या नवी टेप पोलादी पट्टीला लावून तपासतात.

मित्रांनो, रोज वापरायच्या वस्तूंकडे अधूनमधून नीट बघत जा, त्या झिजतात, ताणल्या जातात. आणि चूक कळली की त्याच दिवशी सांगा. माझी चूक मला सगळ्यांच्या आधी कळली होती, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.