निशाणी : खुर्ची

लोकशाहीत सगळ्यांना सारखा मान असतो म्हणतात, पण नगरपालिकेच्या निवडणुकीत मला जरा जास्तच मिळतो. पोलिओने माझे दोन्ही पाय लहानपणीच नेले. केबिन रोडवर अपंग कोट्यातून मिळालेला माझा एसटीडी बूथ आहे. तिथे मी तीनचाकी सायकलवर एकटा जातो, एकटा येतो. मतदानाचा बूथ मात्र शाळेच्या पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर का नाही, असं गेल्या खेपेस मी विचारलं होतं. तिथे कर्मचाऱ्यांचं जेवण असतं म्हणे. बरोबरच आहे, वरणभाताला जिना कसा चढायला लावणार!

म्हणून आमचे नगरसेवक धर्माजीशेठ यांची पोरं मला उचलून वर न्यायची. मदतनीस म्हणून ती थेट पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत यायची. शिक्का माझ्या हातात, माझा हात त्यांच्या हातात. "सदूभाऊ, दिसली ना निशाणी?" दिसायची. न दिसून करतो काय? अजून खाली उतरायचं असायचं.

या वेळी मी बायकोला सांगून टाकलं, "आनंदी, शिक्का मी एकटा मारणार. कुणालाही मारीन, पण माझा मी मारीन."

"आणि वर कसे जाणार?"

"पोरं नेतील. पण आडोशाच्या आत कोणी यायचं नाही."

"अहो, मेल्यांनी वरच सोडून दिलं म्हणजे?"

आनंदी रत्नागिरीची. शंका काढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

मतदानाच्या सकाळी पोरं आली ती नवी कोरी निळी खुर्ची घेऊन. शेठची यंदाची निशाणीच खुर्ची होती, आणि पोस्टरवरची खुर्चीही निळीच. म्हणजे मत एक आणि मिरवणूक फुकट. मला तिच्यावर बसवून त्यांनी भर केबिन रोडवरून नेलं. शेजारचा दुकानदार ओरडला, "सदूभाय, आज तो एकदम दूल्हा लग रहे हो!" लाजेने माझी मान खाली गेली.

शाळेच्या जिन्यापाशी शिवा आडवा आला. हा विरोधी उमेदवाराचा पोलिंग एजंट. "ऑब्जेक्शन, साहेब! शंभर मीटरच्या आत निशाणी आणतायत!"

केंद्राध्यक्ष धावत खाली आले. त्यांनी खुर्चीकडे नीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "खुर्ची बाहेर," ते म्हणाले. "मतदार आत येऊ शकतो."

पोरांनी मला पहिल्या पायरीवर ठेवलं आणि खुर्ची घेऊन निघून गेली. खुर्ची गेल्यावर माझं वजन एकदम वाढलं असणार, कारण उचलायला कोणी पुढे येईना. शिवाही नाही. त्याचं काम हरकत घेण्याचं, ते झालं होतं.

"चला घरी," मिरवणुकीमागून चालत आलेली आनंदी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आता तर जाणारच नाही." मला इतका संताप आला होता की तेवढ्यावर मी दोन मजले चढलो असतो. जिन्याकडे पाठ केली, तळवे मागच्या पायरीवर टेकले आणि बसल्या बसल्या वर सरकू लागलो. आनंदी माझे पाय उचलून ठेवत होती. रांगेतल्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. टाळीला दोन्ही हात लागतात, त्यामुळे मदतीला कोणाचे उरले नाहीत.

वर पोचलो तर मतदानाचं टेबल माझ्या डोक्याच्याही वर. आनंदीला दाराबाहेर थांबवून मी म्हणालो, "एक खुर्ची द्या."

"ऑब्जेक्शन!" आधीच वर येऊन बसलेला शिवा ओरडला. "निशाणीवर बसून शिक्का मारणार?"

"मग तू कशावर बसलायस?"

शिवा ताडकन उठला. केंद्राध्यक्ष मात्र बसून राहिले. "या सरकारी खुर्च्या आहेत," ते म्हणाले. "त्या निःपक्ष असतात."

"मग त्यातलीच एक द्या."

"मतदारासाठी तशी तरतूद नाही."

शेवटी माझी मतपत्रिका फरशीवर आली. आडोशाचा पुठ्ठा खिळ्यांनी टेबलालाच ठोकलेला, तो वरच राहिला. मी उघड्यावर. शेठचा एजंट मान लांब करून बघत होता, शिवा टाचा उंचावून. मी शिक्का हातात धरून तसाच बसलो. बाहेर रांग कुरकुरायला लागली.

"मारा ना लवकर," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"मतदान गुप्त असतं ना, साहेब? मग सगळ्यांनी माझ्याकडे पाठ करा. तुम्हीपण."

"असा नियम नाहीये."

"मग मी बसतो. मला कुठे उभं राहायचंय?"

मग केंद्राध्यक्ष उठून भिंतीकडे वळले. त्यांच्यामागोमाग शेठचा एजंट वळला, शिवा वळला, दारातला हवालदार आणि शाई लावणाऱ्या बाईसुद्धा वळल्या.

आजवर लोकांनी आपापल्या सोयीने माझ्याकडे पाठ फिरवली होती. त्या दिवशी पहिल्यांदा, मी सांगितलं म्हणून फिरवली. मी सावकाश शिक्का मारला.