आडखोऱ्याचा नकाशा

मी एक जुना, हाताने काढलेला नकाशा आहे. मीरा रोडला चौथ्या मजल्यावरच्या एका भिंतीवर असतो. मित्रांनो, माझ्यात आडखोरं आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधून उन्हाळ्यात आटणारा ओढा, खाली भाताची खाचरं, वर तीन वाड्या आणि चौतीस घरं.

मला शशिकांतअण्णांनी काढलं. ते मुंबईत एका कचेरीत आराखडे काढायचे. डोंगर आणि ओढा त्यांनी शाईने काढला. प्रत्येक घराच्या चौकोनातला माणसांचा आकडा मात्र पेन्सिलीने, कारण माणसं बदलतात. बारसं झालं की आकडा वाढायचा, कुणी वारलं की घटायचा. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला अण्णांनी कधी खोडलं नाही. शिमग्यात ज्याच्या दारात पालखी थांबते तो गावचाच, असा खोऱ्याचा नेम.

पाहुणे म्हणायचे, "अण्णा, काय सुरेख काढलाय!" मला काच बसली आणि आकडे बदलणं थांबलं. पुढे कुणी वर बघेना. माझ्यावरची बेरीज एकशे ब्याऐंशी होती. मी तीच सांगत राहिलो.

मग अण्णा गेले. त्यांच्या मुलीने, शुभदाने, आपल्या घराच्या चौकोनातला तीनाचा आकडा वर्षभर तसाच ठेवला. वर्षश्राद्ध झालं आणि खोऱ्यातून महिपतकाकांचा फोन आला.

"शुभदा, दाराला कुलूप असलं तर पालखी पुढं जाईल. एकदा गेली की परत त्या दारात येत न्हाय. काय करू सांग."

तिचा धाकटा भाऊ रोहित म्हणाला, "ताई, सुट्टी कुठे मिळतेय? जाऊ दे ना. तसंही तिकडे राहतंय कोण?"

"काका, खरंच किती माणसं राहतात हो आता?" शुभदाने विचारलं.

काकांनी वाडीवार मोजलं. "तेवीस. बाकी समदे भाईंदरचे गावकरी!" ते हसले. ती हसली नाही.

"येते मी," एवढंच म्हणाली.

तिने मला काचेतून काढलं, गुंडाळलं आणि सोबत नेलं. पालखी आली तेव्हा दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी ती खोडरबर घेऊन घरोघर फिरली. मला वाटलं होतं, दुखेल. पण नसलेली माणसं इतकी वर्षं अंगावर वागवून मी थकलो होतो.

शेवटी आपल्या ओटीवर बसून तिने तीनाचा आकडा खोडला. शून्य लिहायला पेन्सिल टेकवली, तोच शेजारची सरूबाई ओरडली, "शून्य नको गो लिवू! दार उघडलंस ना तू?"

शुभदाने उघड्या दाराकडे पाहिलं. मग तिने एक लिहिला.

मित्रांनो, मला काचेत नीट जपलं. ज्यांचा मी नकाशा, त्यांना जपायचं राहून गेलं. तुमचंही असं एखादं गाव असेल, तर तिथल्या एका घरी आज फोन करा. पलीकडच्या म्हाताऱ्या माणसाला उठून यायला वेळ लागतो. लगेच ठेवू नका.