कुठे लिहिलंय?

"बाबा, इथे सही कर. पण आधी वाच. न वाचता केलेली सही चालणार नाही, असंही त्यातच लिहिलंय."

ब्रिटाने कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी हात पुसले, चष्मा शोधला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'साहित्य, ऑनर्स वर्ग. विद्यार्थ्यांकडून अपेक्षा.' खाली अकरा कलमं. दर आठवड्याला साठ पानं वाचावीत. पुस्तकात खुणा कराव्यात, पण पेन्सिलनेच. उशिरा आलेला निबंध घेतला जाणार नाही. मत मांडायचं तर पान आणि ओळ सांगावी. नववं कलम असं होतं, की वर्षातून निदान एकदा प्रत्येकाने बाईंना, पुस्तकाच्याच आधाराने, चूक ठरवून दाखवावं. आणि शेवटचं, की पालकांना कुठल्याही शुक्रवारी मागच्या बाकावर येऊन बसता येईल.

"झॅस्ट्रोबाईंनी एक अक्षर बदललेलं नाही," मी म्हणालो.

"तुला काय माहीत?"

जोलीन, माझी बायको, भांडी विसळत होती. ती वळलीसुद्धा नाही. "अगं, तुझा बाबा होता की त्या वर्गात. सहा आठवडे."

ब्रिटा माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कधी काळी सर्कशीत होतो. मी सही केली आणि गोठ्यात काम आहे म्हणून उठलो.

सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी सतरा वर्षांचा होतो. माझे निबंध बरे असत, म्हणून कुणीतरी मला ऑनर्समध्ये, हुशार मुलांच्या वर्गात, घातलं. झॅस्ट्रोबाई तेव्हा नव्याच होत्या. पाठ्यपुस्तकात अकरा पानांची एक गोष्ट होती. एक गवळी पहाटे तीनला घर सोडून कायमचा निघून जातो. जिन्याच्या तोंडाशी थांबून कानोसा घेतो; वर तिच्या खोलीत बायको झोपलेली, असं त्याला वाटतं. गोठ्याकडे न फिरकता तो अंधारात स्टेशनची वाट धरतो. सात वाजता शेजारी करवत परत द्यायला येतो, तर बायको म्हणते, "अजून उठले नाहीत वाटतं," आणि वर हाक मारते. उत्तर येत नाही. संपली गोष्ट. बाई म्हणाल्या, सगळं दुःख त्या झोपेत आहे, तिला काही कळलंच नाही. मी हात वर करून म्हणालो, "ती जागी होती."

"कुठे लिहिलंय?"

मला सांगता येईना. मला ते ठाऊक होतं, बस. मी तसाच निबंध लिहिला आणि त्यावर लाल शाईत तेच दोन शब्द आले. पुढच्या आठवड्यात मी साध्या वर्गात गेलो. तिथले सर बहुतेक वेळ सिनेमे दाखवत. पुढे वडिलांच्या हाताखाली लागलो, गोठा माझ्याकडे आला आणि पुस्तकं आपल्यासाठी नाहीत, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

ऑक्टोबरात ब्रिटाने दुसरा कागद आणला. वर्ग बदलण्याचा.

"माझ्याने नाही होत, बाबा. बाकीची मुलं बोलतात कशी फाडफाड. मला आतून वाटतं, पण बाई पान विचारतात आणि मी ढिम्म."

"कुठली गोष्ट चाललीय?"

"ती गवळ्याची. झोपलेल्या बायकोची."

मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "ती झोपलेली नाहीये."

"मलाही तसंच वाटतं," ती हळूच म्हणाली. मग लगेच, "पण कुठे लिहिलंय?"

आम्ही दोघांनी ती गोष्ट टेबलावर पसरून दोनदा वाचली. तिसऱ्यांदा जोलीनने मोठ्याने वाचून दाखवली. बायको काय म्हणते, कसं बघते, सगळं चाळून झालं. जागी असल्याची एक खूण सापडेना. मी म्हणालो, "रविवारपर्यंत थांब. मग करतो सही."

रविवारी पहाटे पाचला, ऐन धारेच्या वेळी, दुधाच्या यंत्राचा पंप बंद पडला. बेचाळीस गायी, आणि दूध खेचायला नळ्यांना ओढच नाही. मी पंप उघडून बसलो. साडेसहा झाले, सात झाले. कासा तटतटल्या तशी एकीने सुरुवात केली, मग दुसरीने, आणि थोड्याच वेळात पत्र्याचं छप्पर उडेल असा हंबरडा सुरू झाला. दीड मैलावरच्या शेजाऱ्याचा फोन आला. "अर्लिन, मेलंय का कुणी?"

ब्रिटा कानांत बोटं घालून खांबाला टेकली होती. अचानक तिने बोटं काढली. माझ्याकडे बघितलं, गायींकडे बघितलं आणि गमबुटांनिशी घराकडे पळत सुटली. परत आली ती पुस्तक घेऊन.

"बाबा, ऐक," ती त्या कल्लोळात माझ्या कानाशी ओरडून वाचायला लागली. "'अंगण इतकं शांत होतं, की हापशाच्या तोटीतून ठिबकणारं पाणी शेजाऱ्याला फाटकापासून ऐकू आलं.' गोष्टीतही सातच वाजलेत, बाबा. सात."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. सव्वीस वर्षांपूर्वी मला हेच ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं, की कुणाला सांगावं लागतं हेच सुचलं नव्हतं.

"आणि तो तर गोठ्याकडे फिरकलाही नाही," मी म्हणालो. "ओळ आहे तशी."

"आहे. पान दोनशे बारा."

पंप आठला सुरू झाला. वर्ग बदलण्याच्या कागदावर जोलीनने सामानाची यादी लिहिली.

शुक्रवारी दूध लवकर उरकून मी दोनदा अंघोळ केली, लग्नातला शर्ट घातला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे टेबलाखाली मावेनात. झॅस्ट्रोबाईंचे केस पांढरे झाले होते, बाकी आवाज तोच. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली. आमच्या विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात गोठ्याचा वास कपड्यांतून पुरता कधी जात नाही. पुढचा मुलगा वळून बघून हसला.

ब्रिटा उभी राहिली. "बाई, मला नववं कलम वापरायचंय."

वर्गात खुसखुस झाली. बाई खुर्ची ओढून बसल्या. "बोल."

ती बोलली. पान, ओळ, सात वाजता, ठिबकणारं पाणी. "धार पाचला काढतात. ती दोन तास लांबली तर गायी गप्प राहत नाहीत. गप्प होत्या, म्हणजे कुणीतरी धार काढली होती. तो नव्हता. म्हणजे ती."

बाई जराशा पुढे झुकल्या. "ठीक. यावरून ती पाचला उठली, एवढंच ठरतं. तीनला जागी होती, हे कुठे लिहिलंय?"

बाकाची कड मी घट्ट धरली.

ब्रिटाने पुस्तक मिटलं. "पाचला उठून नवरा घरात दिसला नाही, तर माणूस काय करील, बाई? हाका मारील. कंदील घेऊन शोधील. शेजाऱ्याकडे धावत जाईल. हिने सगळ्या गायींची धार काढली आणि शेजाऱ्याला सांगितलं, अजून उठले नाहीत. तो जाताना तिने ऐकलं होतं, म्हणून तिला शोधायचंच नव्हतं. त्याला लांब जायला वेळ द्यायचा होता."

बाईंनी चष्मा काढला.

"अर्लिन," त्या म्हणाल्या, आणि मी बाकावरच सावरून बसलो. "दोन तास उशीर झाला तर खरंच इतकं ओरडतात?"

"बाई, रविवारी दीड मैलावरून फोन आला होता. मेलंय का कुणी, म्हणून."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांचे डोळे माझ्यावरच होते. "याच खोलीत तू म्हणाला होतास, ती जागी होती. मी तुला पान विचारलं. गोठ्यातल्या मुलाला मी गोठ्याबद्दल विचारायला हवं होतं."

"मलाही तेव्हा सांगता आलं नाही," मी म्हणालो.

"मी शहरात वाढले," त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या. "ही अकरा पानं मी सव्वीस वर्षं शिकवतेय, आणि ती बाई माझ्यापासून लपून राहिली. नवरा, शेजारी आणि मी, तिघांनाही तिने फसवलं." त्यांचा चेहरा असा फुलला होता, की चूक ठरलेल्या माणसाला इतका आनंद झालेला मी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःचं झिजलेलं पुस्तक उघडलं, समासातल्या जुन्या टिपणावर रेघ मारली, शेजारी काहीतरी लिहिलं आणि ते पान सगळ्यांना दाखवलं. मला मागून अक्षरं वाचता आली नाहीत. ब्रिटा मात्र कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

तास संपल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. कपाटातून एक जाड कादंबरी काढून माझ्या हातात दिली.

"वर्गाचं पुढचं पुस्तक. सहा आठवड्यांत वाचून आण."

"बाई, मी कुठे आता..."

"आठवड्याला साठ पानं. आणि खुणा पेन्सिलने."

गाडीच्या पुढच्या सीटवर नट-बोल्टचे पाने, दोरखंड आणि गायींच्या सडांना लावायच्या मलमाचे डबे पसरले होते. ते मी मागे टाकले, एक धुतलेला टॉवेल अंथरला आणि त्यावर पुस्तक ठेवलं. किल्ली फिरवली. मग पुन्हा बंद केली. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, मुलं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पळत गेली. मी पुस्तक मांडीवर घेऊन पहिलं पान वाचलं. नीट लागलं नाही, म्हणून परत वाचलं. संध्याकाळच्या दुधाला अजून चार तास होते.